जळगावचा प्रगत वंशावळ संशोधन वर्ग: कोणी करावा, कोणी थांबावं

सातबारा वाचता येत नसेल, फेरफार आणि वारस नोंद यांतला फरक ठाऊक नसेल, किमान चार पिढ्यांची नावं गावांसकट कागदावर मांडलेली नसतील, तर जळगावच्या या वर्गाचे पैसे इतक्यात भरू नयेत. पहिल्या तासापासून हे सगळं येतं असं गृहीत धरूनच शिकवलं जातं. मागे पडलेल्यासाठी कोणी थांबत नाही, आणि ते योग्यच आहे. खानदेशात वंशावळीचं प्राथमिक ज्ञान मिळण्याची ठिकाणं कमी नाहीत. हाती आलेले दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागले तर काय करायचं, हे मात्र क्वचितच कोणी शिकवतं. हा वर्ग ते शिकवतो, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी व्यवहाराच्या गोष्टी. वर्ग शनिवार-रविवार, बारा आठवडे. दर बैठक तीन तासांची, म्हणजे एकूण ७२ तास. त्यातले दोन दिवस धुळ्याला आणि तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जातात. एका तुकडीत वीस जण. शुल्क ९,५०० रुपये. नकलांचा, प्रवासाचा आणि झेरॉक्सचा खर्च वेगळा, तो सहज दोन-अडीच हजारांवर जातो. शिकवणाऱ्यांत भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, इतिहासाचे प्राध्यापक आणि एक मोडी जाणकार आहेत. शेवटी सुमारे पंधरा पानांचा एक पुरावा-लेख लिहून द्यावा लागतो. तो मान्य झाला तरच प्रमाणपत्र.

एक गैरसमज दूर केलेला बरा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींचा शोध गावोगाव पोचला. तेव्हापासून वंशावळ म्हणजे जात पडताळणीच्या अर्जाला जोडायचा कागद, एवढाच अर्थ बऱ्याच जणांच्या मनात आहे. हा वर्ग त्या अर्जाची तयारी करून देत नाही. मानीव दिनांक, म्हणजे ज्यांच्या आधीची जातीची नोंद दाखवावी लागते त्या तारखा (अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७) सांगितले जातात, पण त्या तारखेआधीचा एक कागद मिळाला की शोध संपला, ही सवय इथे मोडून काढतात. ज्यांना फक्त तो एक कागद हवा आहे त्यांनी सेतू केंद्र आणि तहसील गाठावं. त्यांचे पैसे आणि बारा आठवडे दोन्ही वाचतील.

वर्गाचा कणा म्हणजे पुरावा तोलण्याची पद्धत. अमेरिकेत १९६४ साली वंशावळ संशोधकांना प्रमाणित करणारं एक मंडळ स्थापन झालं. त्याने रूढ केलेला पाच कलमी निकष इथे पायाला घेतला आहे: शक्य तेवढे सगळे कागद धुंडाळणं, प्रत्येक विधानाला नेमका संदर्भ देणं, कागद एकमेकांशी ताडून पाहणं, विरोध असेल तर तो सोडवणं, आणि निष्कर्ष सुसंगत लिहून काढणं. ऐकायला सोपं वाटतं. खरी मेहनत पुढे आहे. साधन, माहिती आणि पुरावा या तीन गोष्टी वेगळ्या काढायला शिकवतात, तेही परदेशी नमुन्यांवर नाही तर आपल्या कोतवाल बुकावर.

गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, घ्या. बुक मूळ आहे, म्हणून साधन मूळ. पण त्यातली प्रत्येक माहिती सारख्या वजनाची नसते. मयताची तारीख कोतवालाने त्याच दिवसांत लिहून घेतलेली असते, ती प्राथमिक, म्हणजे थेट माहिती. मयताचं वय 'साठ' लिहिलं असेल, तर ते घरच्यांनी किंवा शेजाऱ्याने अंदाजाने सांगितलेलं असतं, ते दुय्यम. जन्माच्या नोंदीत तर बहुतेक वेळा बाळाचं नावच नसतं, कारण बारशाआधीच नोंद होते. फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचं नाव, जात, तारीख. म्हणजे 'ही नोंद माझ्या आजोबांची' हे विधान कागदावर लिहिलेलंच नसतं. ते आपण काढलेलं अनुमान असतं. त्या घरात त्या दोन-तीन वर्षांत दुसरा मुलगा झाला नव्हता, किंवा झाला आणि वारला, हे दाखवल्याशिवाय ते अनुमान टिकत नाही. कोतवाल बुकाची नक्कल काढून थेट वंशवृक्षात तारीख भरणारे किती तरी लोक इथे अडखळतात. या एका धड्यासाठी वर्गाला पूर्ण गुण द्यावेत असं आमचं मत आहे.

शाळेच्या जनरल रजिस्टरावरचा तासही तितकाच उत्तम. जुन्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख एवढ्या जणांची का असते, याचं कारण सगळे जाणतात: शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजी पोराकडे पाहून वय ठरवून तारीख टाकायचे. वर्गात त्यापुढे नेतात. गुरुजींचा अंदाज साधारण दोन-तीन वर्षांनी चुकू शकतो असं धरून जन्मसालाची एक पट्टी आखायची आणि इतर कागद त्या पट्टीत बसतात का ते पाहायचं. नेमकी तारीख नाही, पट्टी. ही सवय एकदा लागली की अर्धे वाद आपोआप मिटतात.

पट्टी कशी कामाला येते ते सरावाच्या मुख्य फाइलीत कळतं. चोपडा तालुक्यातलं एक गाव, नावं बदललेली, अकरा कागद. घरची वंशावळ सांगते: नामदेव तुकाराम पाटील, दोन बायका, नऊ मुलं. विद्यार्थ्यांपुढे प्रश्न एकच ठेवतात, हा नामदेव एक की दोन?

शाळेच्या रजिस्टरात नामदेव तुकाराम १९११ साली दाखल, वय सहा. जन्म १९०५च्या आसपास. अंदाज चुकला असं धरून पट्टी फार तर १९०८पर्यंत ओढता येते. दुसऱ्या बाजूला १९३१चा फेरफार: तुकाराम मयत, वारस नामदेव आणि काशिनाथ, दोघे अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेले, पालक आई सखू कोम (म्हणजे बायको) तुकाराम. अज्ञानाची मर्यादा अठरा धरली तर हा नामदेव १९१३नंतरचा. कोर्टाने पालक नेमला असता तर मर्यादा एकवीस झाली असती. तेही धरलं तरी तो १९१०नंतरचाच. दोन्ही पट्ट्या कितीही ताणल्या तरी एकमेकींना शिवत नाहीत. त्यात १९२९चा एक खरेदीचा फेरफार आहे, ज्यात नामदेव वल्द (म्हणजे मुलगा) तुकाराम स्वतःच्या नावाने जमीन घेतो. अज्ञान मुलगा खरेदी करत नाही. दोन नामदेव, दोन तुकाराम, हे इथपर्यंत सिद्ध होतं.

पण कोणती मुलं कोणाची? इथे बहुतेक जण नावांवरून वाटणी करायला जातात आणि चुकतात. जमिनीवरून जावं लागतं. दोघांचे सर्व्हे नंबर वेगळे, आठ-अ वरचे खाते क्रमांक वेगळे. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली पुढे गावात एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. धागा तुटतो तो इथेच. एकत्रीकरणाचं योजनापत्रक उघडून जुना नंबर कोणत्या गटात गेला ते शोधलं की दोन्ही खाती पुन्हा हाती लागतात. मग १९५८ची वारस नोंद एका खात्यावर येते: विधवा, तीन मुलगे, दोन मुली. १९७१ची दुसऱ्या खात्यावर: विधवा आणि चार मुलं. पाच आणि चार, नऊ. दोन बायका एका माणसाच्या नव्हत्या. दोन माणसांच्या एकेक होत्या. नावसाधर्म्याने घरच्या वंशावळीत दोन घरं एक झाली होती.

खानदेशात ही चूक फार होते, कारण पाटील हे आडनाव अनेक घरांना वतनाने चिकटलेलं आहे. मूळ कुळाचं आडनाव, सोनवणे असो, पवार असो, की सूर्यवंशी, कागदात दिसेलच असं नाही. चौधरी आणि महाजन यांचीही तीच गत. त्यात नवसाची आणि दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली नावं: भिका, दगडू, धोंडू. एका गावात एका वेळी चार भिका पाटील असणं मुळीच अवघड नाही. शाळेत गेल्यावर त्यातलाच एखादा 'भिकन' किंवा 'भास्कर' होतो. वर्गात म्हणून एक नियम घालून दिला आहे: एका माणसाची ओळख पटवायला नाव सोडून किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. सर्व्हे नंबर, बायकोचं नाव, भावाचं नाव, चतुःसीमेतला शेजारी, खातं, वयाची पट्टी, यांपैकी कोणत्याही दोन. साधा नियम आहे, पण पाळला तर चुकीची पाने झाडावर लागत नाहीत.

शेजाऱ्यांवर इतका भर दिलेला इतर कुठे पाहायला मिळणार नाही. मयताचे साक्षीदार, खरेदीखतातले जामीन, पंच, शेतालगतचे खातेदार, यांची वेगळी वही करायला लावतात. त्याच तर्काने तोंडी माहितीचाही तास बांधला आहे. म्हाताऱ्या माणसाला 'पणजोबांचं नाव काय' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही किंवा ऐकीव मिळतं. 'तुमच्या घरी दहा दिवसांचं सुतक कोणाकोणाचं धरतात', 'कानबाईचे रोट कोणत्या घरांचे एकत्र होतात' असं विचारलं, तर भाऊबंदकीची हद्द आपोआप आखली जाते. रोट, म्हणजे कानबाईच्या सणाचा प्रसाद, भाऊबंदकीबाहेर जात नाहीत, म्हणून श्रावणातल्या त्या रविवारी कोण कोणाच्या घरी जेवतं हा पुरावा आहे, अप्रत्यक्ष असला तरी. मनुदेवी, एकवीरा, सप्तशृंगी अशी कुलदैवतं आणि लग्नातली देवकं यांची जोड त्याला द्यायची. प्रश्न अहिराणीत किंवा लेवा बोलीत विचारा, असंही बजावतात. प्रमाण मराठीत विचारलं की माणूस सरकारी उत्तर देतो.

कागद कुठे सापडेल हा विषय या भागात जेवढा गुंतागुंतीचा आहे तेवढा नाशिक-पुण्याकडे नाही. वर्गात त्यावर दोन पूर्ण बैठका आहेत आणि त्या वसूल होतात. १९०६पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्यालय धुळे. त्या वर्षी पूर्व खानदेश जळगावला आणि पश्चिम खानदेश धुळ्याला असा तो दुभंगला. म्हणून अमळनेर किंवा एरंडोलच्या घराण्याचे १९०६पूर्वीचे जिल्हा पातळीवरचे संदर्भ शोधताना जळगावात थांबून चालत नाही. मालेगाव, बागलाण, नांदगाव हा भाग १८६९ला नाशिक जिल्हा झाला तेव्हा खानदेशातून गेला. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण मोगल काळात सुभ्याचा कारभार तिथून चालायचा. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८चा. शहादा, तळोदा, नवापूरचे जुने कागद धुळ्याच्या नावाने बोलतात. मुक्ताईनगरचा शोध एदलाबाद नावाने घ्यावा लागतो.

गावांच्या नावातही खाचा आहेत. बुद्रुक-खुर्द सगळीकडे असतात. खानदेशात त्यावर 'प्र.' म्हणजे प्रगणे लागतं. मोहाडी प्र. डांगरी आणि मोहाडी प्र. लळिंग ही दोन वेगळी गावं. वंशवृक्षात नुसतं 'मोहाडी' लिहिलं की पुढच्या माणसाचा शोध चुकीच्या दप्तरात जातो. हतनूर, उकाई आणि सरदार सरोवर या धरणांत बुडालेल्या गावांसाठी पुनर्वसनाच्या याद्या आणि भूसंपादनाचे निवाडे कसे मागायचे, यावर अर्धा तास दिला जातो. तो कमी आहे. हतनूरच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या घरांना हाच एक आधार असतो.

नकला मागण्याची रीत मात्र फार व्यवस्थित शिकवतात. 'माझ्या आजोबांचे सर्व कागद मिळावेत' असा अर्ज केला की 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर ठरलेलं. अर्जात मौजे, तालुका, नमुन्याचं नाव, नंबर आणि सालाचा पल्ला हवा: 'गाव नमुना सहा, फेरफार क्रमांक अमुक ते तमुक'. आजच्या सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेले फेरफार क्रमांक हीच मागे जाण्याची शिडी. एकेक फेरफार उघडायचा, त्यात आधीच्या क्रमांकाचा उल्लेख येतो, तो मागायचा. हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा, त्यामुळे ही शिडी बहुतेक गावांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपते. त्यामागे सर्व्हेचे कागद, टिपण, आकारबंद, आकारफोड, जे तहसीलला नाही, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात असतात. इथे लोक चुकीच्या खिडकीवर महिने घालवतात. धुळे जिल्ह्याचे बरेच जुने कागद 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन होऊन आले आहेत, ते आधी पाहावेत. आणि 'आढळून येत नाही' असं तोंडी सांगितलं तर ते लेखी घ्यावं, कारण कुठे शोधलं आणि काय मिळालं नाही हेही पुरावा-लेखात नोंदवावं लागतं.

फेरफाराला तीन तारखा असतात हे फार थोड्यांच्या लक्षात येतं: माणूस वारला ती, नोंद लिहिली ती, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली ती. वारसांनी जमीन विकायला काढेपर्यंत नोंदच न केलेली उदाहरणं गावागणिक आहेत. त्यामुळे नोंदीची तारीख मृत्यूची तारीख म्हणून लिहिणं ही मोठी चूक, आणि तपासणारे ती लाल शाईने खोडतात. फोटो काढतानाही शिस्त आहे. आधी बाइंडिंगचं मुखपृष्ठ, मग पूर्ण पान कडेसकट, मग नोंद जवळून, शेवटी मागचं-पुढचं पान. फाइलचं नाव साल, तालुका, गाव, नमुना, क्रमांक या क्रमाने. मोबाइलमध्ये 'आयएमजी' नावाचे चारशे फोटो घेऊन बसलेल्याला सहा महिन्यांनी कोणता कागद कुठला ते सांगता येत नाही.

स्त्रियांच्या शाखांवरची बैठक हा या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग. भाटाच्या, म्हणजे पिढीजात वंशावळ लिहिणाऱ्याच्या, वहीत लेकी नसतात, जुन्या फेरफारांतही नसतात. बाईचं नाव येतं ते 'कोम' किंवा 'भ्रतार' लावून, नवऱ्याच्या सावलीत. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जूनला लागू झाला आणि चित्र बदललं. त्यानंतरच्या वारस नोंदींत विधवा आणि मुली येऊ लागल्या, सासरच्या नावागावासकट. पुढे बहिणींकडून हक्कसोडपत्रं करून घेतली गेली. त्या व्यवहाराबद्दल कोणाला काय वाटायचं ते वाटो, पण वंशावळीच्या दृष्टीने हक्कसोडपत्र म्हणजे सगळ्या बहिणी, त्यांचे नवरे, गावं आणि वयं एकाच पानावर. १९९४ची महाराष्ट्राची दुरुस्ती आणि २००५ची केंद्राची दुरुस्ती यांनंतर तर हे कागद वाढले. वर्गात प्रत्येकाला एक आजी निवडायला लावतात आणि तिचं माहेर कागदाने सिद्ध करायला सांगतात. पाटाची (पुनर्विवाहाची) बायको आणि आधीच्या नवऱ्याची मुलं, घरजावई, दत्तक, यांची मांडणी कशी करायची तेही याच बैठकीत येतं. दत्तक मुलाच्या बाबतीत दोन बाप नोंदवायचे, जन्मदाता आणि दत्तक घेणारा, आणि नातं कोणतं ते स्पष्ट लिहायचं. एक पुसून दुसरं लिहिणं नाही.

भाटांच्या वह्या आणि तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या यांच्याबद्दलची भूमिका समतोल आहे. लेवा पाटीदार, राजपूत, गुजर समाजांत भाट अजून येतात, वही वाचतात, नवी नावं लिहून घेऊन बिदागी घेतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया, हरिद्वार इथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या सह्यांसह नोंदी मिळतात. वर्गात सांगतात ते असं: ज्या पिढीची नोंद त्या पिढीच्या हयातीत लिहिली गेली तिथपासून खाली वही भक्कम, त्याच्या वरती, जिथे पिढ्या थेट सूर्यवंशाला जाऊन मिळतात, तिथे ती श्रद्धेची गोष्ट. शाई, हस्ताक्षर आणि पानाचा क्रम पाहून नोंद कधीची ते ठरवायचं. तीर्थावरच्या नोंदीत यजमानाने स्वतः सांगितलेली भावांची आणि मुलांची नावं असतात, म्हणून त्र्यंबकची नारायण नागबळीची नोंद कित्येकदा फेरफारापेक्षा वरचढ ठरते. आपल्याकडे कोणत्या उपाध्यायाकडे जायचं ते आडनावावर आणि गावावर ठरतं, त्यामुळे जाण्याआधी मूळ गाव नक्की करावं. हरिद्वारच्या बऱ्याच वह्यांचं सूक्ष्मचित्रण फॅमिलीसर्चने केलेलं आहे, पण खानदेशी यजमान त्यात शोधायला चिकाटी लागते.

आता जिथे हात आखडता घेतला आहे ते.

मोडीला फक्त सहा तास. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसुली कागदांत मोडी भेटते, आणि आधी पूर्ण शिरोरेघ ओढून तिला लटकवलेली, शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहिलेली, ऱ्हस्व-दीर्घ न मानणारी ही लिपी सहा तासांत येणं शक्य नाही. मुळाक्षरं ओळखू येतात, ओळ वाचता येत नाही. ज्यांना १९००च्या मागे जायचं आहे त्यांनी मोडीचा स्वतंत्र वर्ग आधी करावा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची भेट यामुळेच अर्धी वाया जाते. १९२६ साली राजवाडे धुळ्यात वारले आणि त्यांच्या संग्रहाभोवती ही संस्था उभी राहिली. खानदेशात दप्तर हाताळायला शिकण्याला याहून चांगली जागा नाही. पण वाचता येत नसेल तर माणूस कपाटं पाहून परत येतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तराचंही तेच.

कालगणनेचा तास मात्र चोख. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासूनच्या महिन्यांना ७९. दख्खनी फसलीत, म्हणजे महसुली सनात, मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९०, जानेवारी ते मृग ५९१. म्हणजे फसली १२५८ मधला आषाढ १८४८चा आणि फाल्गुन १८४९चा. सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतली अरबी वळणाची कालगणना) याच हिशेबाने ५९९ आणि ६००, आणि तो आकड्यांत नाही, 'इहिदे, इसन्ने, सलास' अशा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. बऱ्हाणपूरकडच्या कागदात उत्तरेची फसली आली तर दोन वर्षांचा फरक पडतो. मारवाडी-गुजराती पेढ्यांच्या चोपड्यांत विक्रम संवत दिवाळीला बदलतो. म्हातारी माणसं संवत १९५६च्या दुष्काळावरून वय सांगतात, तो १८९९-१९००चा. १९१८च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीचाही असाच उपयोग होतो. हे सगळं एका तक्त्यात छापून देतात, तो तक्ता जपून ठेवण्यासारखा आहे.

डीएनएवर दोन तास आहेत आणि ते वरवरचे आहेत. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के अंश सामाईक असतो, वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, हे पुस्तकी झालं. पण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक त्याच पंचक्रोशीत. त्यामुळे सामाईक अंश फुगतो आणि यंत्रणा चौथ्या पिढीतल्या नातेवाइकाला दुसऱ्या पिढीचा ठरवते. हे फुगलेलं माप कसं वाचायचं तेच सांगितलेलं नाही. परदेशी कंपन्यांच्या साठ्यात मराठी माणसं थोडी, म्हणून जुळणीही थोडी. या भागाच्या भरवशावर कोणी चाचणीचे पैसे खर्च करू नयेत.

सर्वांत मोठी उणीव सातपुड्याची. भिल्ल, पावरा, कोकणा, तडवी घराण्यांसाठी एकच तास, आणि तोही खानदेश भिल्ल पलटणीच्या इतिहासात जातो. १८२५ साली औट्रामने उभारलेली ती पलटण महत्त्वाची आहे, पण धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या माणसाला हवी आहे वेगळी गोष्ट. वनगावांत सातबाराच उशिरा आला, तिथे फेरफाराची शिडी लागू होत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून धरले जातात. त्या दाव्यांच्या फाइली, वन खात्याच्या नोंदी, आश्रमशाळांची रजिस्टरं आणि मुखोद्गत कुळं यांवर एक पूर्ण बैठक हवी. खानदेशाच्या नावाने वर्ग चालवायचा आणि निम्मा नंदुरबार जिल्हा बाहेर ठेवायचा, हे पटत नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घराणी, काझींचे निकाहनामे, यांचाही नुसता उल्लेख येतो.

संगणकाचा भाग पुरेसा. ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात, देवनागरी नीट चालते. बापाचं नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात घालू नका, विवाहितेचं मुख्य नाव माहेरचं ठेवा, गावाला जुना आणि नवा दोन्ही जिल्हा जोडा, आणि जेडकॉम फाइल (वंशवृक्ष दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची) यूटीएफ-८ मध्येच ठेवा, नाहीतर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात. हयात माणसांच्या जन्मतारखा बाहेर देऊ नका, हे दोनदा सांगतात.

पुरावा-लेखाची तपासणी कडक आणि प्रामाणिक आहे, पण अभिप्राय यायला फार उशीर होतो. दुरुस्ती करून पुन्हा द्यायला एकच संधी मिळते, आणि तोवर रेकॉर्ड रूमची सवय सुटलेली असते. वीसच्या तुकडीला दोन तपासनीस कमी पडतात.

नाव घालायचं ठरलं असेल तर वर्ग सुरू होण्याआधी दोन महिने कामाला लागावं, कारण नक्कल मिळायला लागणारा वेळ बारा आठवड्यांत बसत नाही. एक गाव आणि एक जोडपं निवडा, शक्यतो १९२०च्या आगेमागे जन्मलेलं. त्यांच्या जमिनीचा आजचा सातबारा आणि आठ-अ काढा, त्यावरचे सगळे फेरफार क्रमांक एका कागदावर उतरवा आणि त्यांच्या नकलांचा अर्ज करून पोच घ्या. शाळेत जाऊन निर्गम उतारा मागा. कोतवाल बुकासाठी पाच-पाच वर्षांचे पल्ले पाडून अर्ज द्या. आजीच्या माहेरचं गाव, प्रगण्यासकट, विचारून ठेवा. हे सगळं पिशवीत घेऊन येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या घरावर काम सुरू करता येतं. बाकीचे चोपड्याच्या नामदेववरच अडकून राहतात.